लकवा

बी. ए. तृतीय वर्ष, खोली क्रमांक चौदा,
पटावर एकवीस, हजर सात.
पंखा एका बाजूला कललेला.
त्याच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही
एवढी एक महत्त्वाकांक्षा अजून शिल्लक आहे.

शिकवतोय एका थंड बेटावरच्या गोष्टी,
शंभर वर्षांपूर्वीच्या.
तिथं प्रत्येकाला कुठंतरी जायचं असतं,
पेपरात नाव छापून यायचं असतं,
आणि शेवटच्या पानावर तो असतो जिथल्या तिथं,
फक्त ते आता त्याला कळलेलं असतं.

गाइडात एकच शब्द दिलाय, पाच मार्कांना येतो.
त्याचं मराठी मी फळ्यावर लिहिलं : लकवा.
मुंजाजी ढगेनं वर्षात पहिल्यांदा मान वर केली.
"आमच्या आज्याला झालाय की सर.
उजवी बाजू पुरी गेली."
"तसा नाही रे. हा आतला."
"आतला म्हंजे? हात हलतो?"
"हलतो."
"चालता येतं?"
"येतं."
मागच्या बाकावरून तहसीन,
ओढणीच्या टोकाला गाठ मारत :
"मग जायना काहून सर तो?"

तास संपायला बारा मिनिटं होती.
मला तासाचे पैसे आहेत, मिनिटांचे नाहीत,
तासाचेही मागच्या आषाढापासून आलेले नाहीत.
मी बोटांचा खडू पुसत राहिलो.

संध्याकाळी सेलूचं फाटक पडलेलं.
गाडी जाईस्तोवर अलीकडच्या अंगाला आम्ही तेच ते,
सायकलला दळणाचा डबा बांधलेला कुणी,
बँकेतले हेलसकर.
"काय सर, झाले का परमनंट?"
हा प्रश्न नसतो, नमस्कार असतो.
"पुढच्या जूनमध्ये," मी म्हणतो.
हाही नमस्कारच.

कपाटात, सेटच्या प्रमाणपत्राखाली, माझा पासपोर्ट आहे.
मस्कतच्या एका शाळेचं बोलावणं आलं होतं तेव्हाचा.
चौकशीच्या हवालदारानं चहा घेतला, पाचशे घेतले,
"या जाऊन" म्हणाला, जसं काही परभणीलाच.
मग संस्थेचा निरोप आला : घाई करू नका, जागा निघतेय.
मी घाई केली नाही.
जागा निघाली. अध्यक्षांच्या साडूच्या घरी गेली.

वनमालानं तेव्हा काही विचारलं नाही,
अजूनही विचारत नाही.
दर दसऱ्याला कपाट आवरताना तो उचलते,
खालचा पेपर बदलते,
परत तिथंच ठेवते.

दिवाळीनंतर मुंजाजी वर्गात आला, डोकं भादरलेलं.
पिशवीतून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली,
आत काळपट तेल.
"गंगाखेडाच्या तिकडं एकजण देतो. अर्धी उरली.
आज्याला आता लागत नाही.
तुमच्या त्या गोष्टीतल्या माणसाला द्या."
पोरं हसली.
तो हसला नाही, तहसीनही नाही.
मी हजेरी घेतली,
त्याचं नाव दोनदा घेतलं.

बाटली टाकवेना. घरी आणली, कपाटात ठेवली.
बूच सैल होतं.
सकाळी कपड्यांना, कागदांना
लसणाचा आणि मोहरीचा वास.
वनमाला फडकं घेऊन आली.
एकोणतिसाव्या वर्षीचा माझा चेहरा
प्लास्टिकखाली कोरडा, हसू दाबून तसाच.
पण पुढची पानं सगळी तेलानं भिजलेली,
शिक्का नसलेल्या पानातून
शिक्का नसलेलं पान दिसत होतं,
त्यातून त्याच्या मागचं.
तिनं एकेक पान खिडकीशी धरलं.
फाटकाकडचा उजेड आरपार तिच्या मनगटावर आला.

मला पावणेआठचा तास होता.
चपला घालताना विचारलं, "वाळेल ना?"
ती पानं उलटत होती, अगदी हळू,
जणू कुठं काही लिहिलेलं सापडेल.
"तेल आहे," म्हणाली.
"तेल वाळत नसतं."